हद्द रोजची, हिशेब वर्षाचा

सीएच्या घरात सप्टेंबरमध्ये साखरपुडा ठरत नाही. ३० तारखेच्या आत लेखापरीक्षणाचे अहवाल भरायचे असतात, हे त्याच्या सासुरवाडीलाही पाठ झालेले असते. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला ३१ मार्चच्या संध्याकाळी कोणी जेवायला बोलावत नाही. साखर कारखान्यातला केमिस्ट गळीत हंगाम सुरू झाला की एकदम उन्हाळ्यातच माणसांत येतो. गणपतीत बाबांना रजा मिळेल अशी आशा पोलिसाची धाकटी मुलगीसुद्धा धरत नाही. आणि रत्नागिरीकडचा आंबा बागायतदार एप्रिलमध्ये तुमच्या लग्नाला आलाच, तर त्याचे उपकार माना. आपल्याकडे कामाला हंगाम असतो आणि तो कधी असतो हे घराला, शेजाराला, भावकीला ठाऊक असते.

तरीही काम आणि घर यांचा समतोल कसा साधावा, हे सांगणारे बहुतेक जण एका दिवसाचाच हिशेब मांडतात. पहाटे उठून व्यायाम, मुलांचा डबा, नऊ ते सहा नोकरी, सातला लॅपटॉप बंद, जेवताना गप्पा, झोपताना मुलांना गोष्ट. वाचायला छान वाटते. आपण ते वेळापत्रक फ्रिजवर चिकटवतो. मग एखाद्या मंगळवारी अमेरिकेतल्या क्लायंटचे काहीतरी अडते, किंवा सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडतात, आणि सगळे कोलमडते. कागद फ्रिजवर तसाच राहतो. वर आपल्यालाच काही जमत नाही ही चुटपुट लागते.

मला वाटते, इथे दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एक हद्द आणि दुसरा समतोल. हद्द रोज पाळायची असते, हंगाम असो वा नसो. समतोल मात्र एका दिवसात दिसत नाही, आठवड्यातही नाही. तो वर्ष समोर ठेवूनच मोजावा लागतो. आणि या दोन्ही गोष्टी एकट्याने शिस्त लावून घेऊन साधत नाहीत. त्या घरात आणि कामाच्या जागी बोलणी करून ठरवाव्या लागतात. पुढचे सगळे या बोलण्यांबद्दल आहे.

आधी हद्दीचे. ती आपल्याकडे आली गिरणीतून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचे एक निवेदन तयार केले. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. ज्या रविवारी आपण उशिरा उठून कांदेपोहे खातो, तो कोणा एकाने वेळेचे नियोजन सुधारून मिळवलेला नाही.

पण गिरणीत एक सोय होती. भोंगा झाला की माग गिरणीतच राहायचा, कामगार चाळीत यायचा. आता काम खिशात बसून घरी येते. बायकांचे तर तेव्हाही भोंग्याने संपत नव्हतेच. गिरणी सुटली की चूल पेटायची. म्हणून निव्वळ तास मोजण्याचे माप आपल्या घरांना कधीच नीट बसले नाही. तरी हद्द हवी, कारण ती नसेल तर हंगाम अख्खे वर्ष खातो.

रोजच्या हद्दी दोन-तीनच ठेवा, पण त्या मोडू नका. कोणत्या, हे प्रत्येक घराने ठरवावे. माझी सूचना अशी: झोपेचे किमान तास, दिवसातले एक जेवण घरातल्या कोणासोबत तरी, आणि दुखण्याची तपासणी पुढे न ढकलणे. या तिन्हींत एकही गोष्ट थोर नाही, हे मुद्दाम आहे. वाचन, व्यायाम, छंद, मित्र हे सगळे हवेच. पण हंगामात यांतले काही सुटले तर सुटू द्या आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. उलट सलग सहा आठवडे पाच तास झोपून काढले, तर तेवढ्यापुरते निभावले असे समजू नका. त्याची किंमत घरातला दुसरा कोणीतरी मोजत असतो, बहुधा तुमची चिडचिड सोसून.

आता वर्षाकडे येऊ. दुधाचा, पेपरचा आणि कामवालीचा खाडा मांडायला घरोघरी कालनिर्णय असतेच. त्याची आणखी एक प्रत आणा आणि घरातल्या मिळवत्या माणसांनी एका रविवारी ती मध्ये घेऊन बसा. प्रत्येकाच्या हातात वेगळ्या रंगाचे पेन. ज्या महिन्यांत आपले काम अंगावर येते, ते आठवडे आपापल्या रंगाने रंगवा. मग तिसऱ्या रंगाने घराचे हंगाम: परीक्षा, शाळेची सुट्टी, गौरी-गणपती, दिवाळी, गावची जत्रा, आईवडिलांच्या तपासण्या, ठरलेली लग्ने.

साताऱ्यातले एक घर डोळ्यांसमोर आणू. ती सहकारी बँकेत, तो कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक, मुलगी दहावीत, आणि त्याचे वडील, ज्यांना मधुमेह आहे आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. तिला जानेवारीपासून थकीत कर्जांच्या वसुलीचा रेटा, तो ३१ मार्चपर्यंत वाढतच जातो. त्याची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मुलीची परीक्षा त्याच दिवसांत. तिन्ही रंग एकाच पानावर एकमेकांवर चढलेले दिसतील. हे त्या घराला ठाऊक नव्हते असे नाही. दरवर्षी ते मार्चमध्ये कळायचे, तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसायचे. नोव्हेंबरमध्ये कळले, तर बरेच काही करता येते.

आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन डिसेंबरमध्ये उरकता येते. नाहीतर सरळ मेमध्ये. फेब्रुवारीपासून सहा आठवडे पोळीभाजी केंद्राचा डबा लावायचा, हे आताच ठरते. मग ते ‘हल्ली घरात काही होत नाही’ या सदरात जात नाही. मार्चमधल्या लग्नांना एकानेच जायचे आणि कोणी जायचे, हे आधी कळवता येते. नातेवाईक ऐनवेळच्या निरोपाने रागावतात, आधीच्या निरोपाने सहसा नाही. आणखी बारकाईने पाहिले, तर मोकळ्या फटी दिसतात. परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षण आटोपले की त्याची संध्याकाळ मोकळी असते, गठ्ठे नंतर येतात. म्हणजे फेब्रुवारीत स्वयंपाकघर त्याचे. तिचे बँकेतले काम एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हलके होते, तेव्हा त्याच्या टेबलावर गठ्ठे. तिथून घर तिचे. दोघांनी रोज निम्मेनिम्मे करायचे ठरवले असते, तर दोघेही मार्चभर भांडले असते.

मग येते फेड. हंगामात आपण घरातल्या माणसांकडून वेळ उसना घेतो. उसने घेतलेले परत करायची तारीख घेतानाच सांगायची असते. म्हणून हंगामाचे आठवडे रंगवले, की लगेच फेडीचे दिवसही लिहा आणि रजेचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. ‘हे प्रोजेक्ट संपू दे, मग बघू’ ही तारीख नव्हे. कोकणात जायचे असेल, तर रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते. त्या सकाळी रजा मंजूर आहे की नाही याचा घोळ घालत बसलात, तर गाडी भरलेली असेल.

फेडीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथे भल्याभल्यांचे चुकते. ज्याचा वेळ घेतला, त्यालाच परत द्यायचा आणि वेळच द्यायचा. तीन महिने मुलगा तुम्हाला दिसला नाही आणि मग त्याला नवी सायकल आणली, तर सायकल मिळाली. उसने फिटले नाही. महाबळेश्वरच्या दोन दिवसांनीही फिटत नाही, कारण ते दोन दिवस हॉटेल, पार्किंग आणि उलट्या यांतच जातात. त्यापेक्षा दोन आठवडे शाळेतून आणायला तुम्ही जा. आईला तिच्या मैत्रिणीकडे सोडून या, परत आणा. बायकोला किंवा नवऱ्याला चार संध्याकाळी घरातून पूर्ण सुट्टी द्या. कुठे जाणार असे विचारूही नका.

इथवर सगळे कागदावर सोपे आहे. खरी अडचण घरातल्या वाटपात येते, आणि तिथे आकडे बोलके आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, की माणसे चोवीस तास कशात घालवतात. सहा वर्षांवरच्या व्यक्तींत जे कोणी घरचे बिनपगारी काम करतात, त्यांत २०१९ मध्ये बायकांचा रोजचा वेळ २९९ मिनिटे होता आणि पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये बायकांचा २८९ झाला. दहा मिनिटे कमी. ती पुरुषांनी उचलली असतील असे वाटून घेऊ नका. त्यांचाही ९७ वरून ८८ वर आला. बहुधा मिक्सर, गॅस, नळ आणि आयते पीठ यांनी दोघांनाही सारखेच उपकृत केले असावे.

मिनिटांत न मोजले जाणारे काम तर वेगळेच. गॅसचा नंबर कधी लावायचा, शाळेच्या ग्रुपवर उद्यासाठी कसले चार्टपेपर मागितले आहेत, आजोबांच्या गोळ्या किती उरल्या, गणपतीच्या सामानात कापूर आहे का, वॉचमनची दिवाळी द्यायची राहिली का. हे कोणाच्या तरी डोक्यात सतत चालू असते. ज्या घरात ‘तू सांग, मी करतो’ असे प्रेमाने म्हटले जाते, तिथेही सांगण्याची जबाबदारी एकीकडेच राहते आणि ती करण्यापेक्षा जड असते. म्हणून वाटप करायचे, तर कामाचे तुकडे देऊ नका. एक खातेच्या खाते द्या. ‘आजोबांची औषधे’ हे खाते त्याचे असेल, तर संपायच्या आत आणणे, डॉक्टरांची वेळ घेणे, रक्त तपासायला नेणे, अहवाल फाइलला लावणे हे सगळे त्याचे. तुम्हाला आठवण करावी लागली, तर ते खाते अजून तुमचेच आहे. आणि दिले, की मध्ये पडायचे नाही. त्याने भेंडी जाडी चिरली, तरी भाजी होते. पहिला महिना गोंधळ होईल, एखादी गोळी एक दिवस उशिरा येईल. कशी येते ते पाहत गप्प बसणे हे या लेखातले सर्वांत अवघड काम आहे, मला मान्य आहे.

घरातल्या मुलग्यांना यातून वगळू नका. दहावीच्या वर्षात मुलीने भाकऱ्या थापायच्या आणि मुलाने ‘अभ्यास आहे’ म्हणायचे, असे चालणारी घरे अजून आहेत.

घरातल्या मोलकरणीबद्दलही दोन शब्द. आपले सगळे नियोजन तिच्या येण्यावर उभे असते आणि तिचे नियोजन कोणाच्याच दिनदर्शिकेत नसते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी तिची आठवड्याची सुट्टी आजही बहुतेक ठिकाणी मालकिणीच्या मर्जीवर आहे. तिला पगारी साप्ताहिक सुट्टी द्या, तिच्या मुलांच्या परीक्षा आणि गावची जत्रा याच कालनिर्णयावर लिहा. यात दानधर्म काही नाही. ती न सांगता चार दिवस गायब होते याचे एक कारण, सांगितले तर सुट्टी मिळत नाही, हे असते.

आता ऑफिस. इथे बहुतेक सल्ले ‘नाही म्हणायला शिका’ यावर संपतात. ज्याचा गृहकर्जाचा हप्ता पाच तारखेला कापला जातो, त्याला साहेबाला नाही म्हणायला सांगणे सोपे आहे, करणे नाही. नाही म्हणण्यापेक्षा हातात दुसरा आराखडा घेऊन जाणे जास्त उपयोगी पडते. मुंबई पोलिसांचे उदाहरण घ्या. बारा तासांची ड्युटी, प्रत्यक्षात त्याहून जास्त, हे तिथे पिढ्यानपिढ्या चालत आले होते. मनुष्यबळ कमी आहे, तेव्हा आठ तास अशक्य, असे सगळे धरून चालले होते. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने बसून हिशेब मांडला, की आहे त्याच मनुष्यबळात तीन पाळ्या कशा लावता येतील, आणि तो प्रस्ताव आयुक्तांपर्यंत नेला. दत्ता पडसलगीकर तेव्हा आयुक्त होते. त्यांनी २०१६ च्या मे महिन्यात देवनारमध्येच प्रयोग सुरू केला आणि पुढे तो इतर ठाण्यांत नेला. बंदोबस्त लागला, सण आले, की हे वेळापत्रक ताणले जाते, ते ओघानेच आले. पण जे अशक्य म्हणून सोडून दिले होते, ते हलले. त्या कर्मचाऱ्याने स्वतःपुरती सवलत मागितली असती, तर ती मिळाली असती की नाही कोण जाणे. मिळाली असती, तरी त्याच्यापुरतीच राहिली असती.

तुम्हीही साहेबांकडे जाल तेव्हा तक्रार नेऊ नका, पाळ्यांचा कागद न्या. ‘फार लोड आहे’ याला उत्तर ‘सगळ्यांनाच आहे’ हे ठरलेले असते. त्याऐवजी असे बोला: ‘सर, ऑक्टोबरभर मी रात्रीचे कॉल घेते. त्यानंतर १ ते १५ नोव्हेंबर मी साडेपाचला निघेन, त्या वेळातले कॉल अमुक सहकारी घेतील, त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे.’ यात महिना आहे, तारीख आहे, बदली माणूस आहे आणि कंपनीचे काही अडत नाही हेही आहे. आता नाही म्हणायचे, तर कारण साहेबालाच द्यावे लागते. आणि जे ठरले, ते त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा.

हेच चार जणांनी मिळून मागितले, तर आणखी बरे. पाळणाघराचे घ्या. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असलीच पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे, असे २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने सांगितले. मागणारा एकटा असला, की ‘बघू’ होते. पण ही सोय किती मूलभूत आहे, याचा दाखला जुना आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना कोसबाडकडे आदिवासी मुली शाळेत येत नाहीत याचे कारण सापडले, की धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? त्यांनी मुलींना शाळेचे महत्त्व पटवत बसण्याऐवजी पाळणाघर आणि बालवाडी शाळेलाच जोडली. हे कळायला फार मोठी यंत्रणा लागली नव्हती.

कायदा थोडा माहीत असू द्या. धमकी द्यायला नव्हे, बोलताना पाय टेकायला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, जादा कामाला दुप्पट दर, आणि जादा काम तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी रोजचे तास दहा आणि जादा कामाची मर्यादा १४४ करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, म्हणजे रोज ताणले, तर जादा दिवस सुटला पाहिजे किंवा दुप्पट पैसे मिळाले पाहिजेत. वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. त्या वापरल्या नाहीत, तर वर्षअखेरीस बुडतात. भरपगारी रजा वीस दिवसांच्या कामाला एक याप्रमाणे, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठते. अर्ज करूनही नाकारली गेली, तर त्यावरच्या रजेचे पैसे मागता येतात. म्हणून अर्ज लेखी करा; जिन्यात भेटून विचारलेल्या रजेची कुठे नोंद नसते.

मात्र एक मेख आहे. व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि गोपनीय स्वरूपाचे काम करणारे या कायद्याच्या बाहेर आहेत. आयटी कंपनीत तिशीतच ‘लीड’ झालेल्यांनी बढतीचे पेढे वाटताना हे लक्षात ठेवावे. पगार वाढतो, आणि तासांवरचे छप्पर जाते.

फोनचे काय? ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर साहेबाच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने मिळाला आहे, फ्रान्सने त्याच्या सात वर्षे आधी पाऊल टाकले होते. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असेच खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयकांचे पुढे जे होते तेच त्याचे झाले. तोवर आपल्या विभागापुरता नियम करता येतो: रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅपवर जे येईल, ते सकाळसाठी, खरेच आग लागली असेल, तर फोन करायचा. या नियमाची गंमत अशी, की फोन करायचा म्हटले की आग निम्म्याहून जास्त वेळा विझते. तुम्ही स्वतः साहेब असाल, तर रात्री सुचलेले रात्री लिहा, पण सकाळी पाठवा. तेवढी सोय मेलमध्ये असते.

नारायण मूर्ती २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांबद्दल बोलले आणि २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तासांचे वक्तव्य गाजले, तेव्हा देशाच्या प्रगतीवर बरीच चर्चा झाली. मला त्यात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्या तासांत त्यांचा डबा कोण भरत होते? ९० तास काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे घरात दुसरे कोणीतरी तितकेच तास करत असते. घरातली दोन्ही माणसे नोकरीला असली, की हे गणित मोडते आणि मग लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो वर्तमानपत्रात कौतुकाने छापले जातात. चर्चगेट-बोरिवली महिला विशेष १९९२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हे कौतुक चालू आहे. निवडलेल्या मेथीची जुडी हा त्या बाईच्या घरातल्या वाटपाचा पुरावा आहे. त्याला समतोल म्हणून मिरवू नये.

आता ज्यांना हंगामच नाही, त्यांच्याबद्दल. दोन पाळ्या करणारा सुरक्षारक्षक, खाण्याचे पार्सल पोचवणारा मुलगा, एकहाती दुकान चालवणारा, अंथरुणाला खिळलेल्या आईची एकटी मुलगी. यांना कालनिर्णय रंगवायला सांगणे क्रूरपणाचे आहे. त्यांचे वर्षभर एकाच रंगाचे असते. तिथे उपाय आधी पैशाचा आणि माणसांचा. भावंडांनी महिन्यातले आठवडे वाटून घेणे, दुकान आठवड्यातून एक दिवस खरेच बंद ठेवणे, रुग्ण सांभाळणारी बाई लावायला सगळ्यांनी वर्गणी काढणे. तीन भावांत आईला ‘ठेवून’ घेणारा एकच असतो आणि बाकीचे दोघे फोनवर सूचना देतात. त्या दोघांना सूचनांऐवजी तारखा मागा.

नोकरदारांनाही एक कसोटी लावता येते. सलग तीन हंगाम गेले आणि एकदाही फेड झाली नाही, ठरलेली रजा दर वेळी रद्द झाली, तर तो हंगाम राहिलेला नाही. तुमची नोकरीच तशी आहे. मग विभाग बदलून मागणे किंवा नोकरी बदलणे याचा विचार करावा, पण संतापाच्या भरात नको. आधी घराचे हप्ते पाहा. पुष्कळ वेळा साहेबापेक्षा फ्लॅटच आपले तास ठरवत असतो. मोठ्या घरासाठी वाकडहून आणखी लांब गेलो, हप्ता वाढला, हिंजवडीचा रोजचा प्रवास वाढला आणि ते घर बघायला फक्त रविवार उरला, अशी जोडपी पुण्यात हवी तेवढी सापडतील. त्यांचा प्रश्न कंपनी बदलून सुटणार नाही. चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनाम्याचा मसुदा मेलमध्ये तसाच राहू द्या. सूचनाकाळ किती, साठलेल्या रजांचे पैसे किती, पाच वर्षांची सेवा पुरी व्हायला थोडेच महिने असतील, तर ग्रॅच्युइटी बुडते का, वैद्यकीय विम्यात आईवडील आहेत आणि नव्या ठिकाणी ते बसतील का, हे विचारून घ्या.

आणि नव्या मुलाखतीत ‘तुमच्याकडे वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे’ असे विचारू नका. त्याचे उत्तर सगळीकडे छान असते. विचारा, की गेल्या वर्षी तुमच्या विभागात सर्वांत जास्त काम कोणत्या महिन्यात होते, आणि ते संपल्यावर सलग आठवडाभर रजेवर कोण कोण गेले. महिना लगेच सांगितला आणि नावे आठवायला वेळ लागला, तर पगाराची बोलणी करताना तेवढे ध्यानात असू द्या.